पडण्याआधीचे घर

घर कोसळून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यायचे, हा अपकृत्य कायद्यातल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी या विषयाला ‘टॉर्ट्स’ म्हणतात आणि रतनलाल-धीरजलालांचे जाड पुस्तक घेऊन बसतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पिळलेले, वाकडे’ असा आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्लंडात गेला आणि तिथून हिंदुस्थानात आला. ज्यात करार मोडलेला नाही, फौजदारी गुन्हा असेलच असे नाही, तरी एकजण दुसऱ्याशी वाकडा वागला आणि त्याची भरपाई पैशाने करायची आहे, असे सगळे या शब्दाखाली येते. मराठी न्यायव्यवहारात त्याला अपकृत्य म्हणतात. निष्काळजीपणासाठी कायद्याच्या मराठीत असलेला शब्द मात्र घरातलाच आहे : हयगय.

भिवंडीत हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर बसली. इमारत १९८४ सालची. अडतीस माणसे गेल्याची नोंद झाली. त्याआधी २०१६च्या पावसाळ्यात गैबीनगरात इमारत पडली होती. नंतर २९ एप्रिल २०२३ला वळ गावात पडली. तिथे खाली गोदाम होते आणि वर बिऱ्हाडे. यंत्रमागांच्या या गावात खाली साचे आणि वर संसार ही रचना नवी नाही. माग सुरू असला की वरच्या खोलीत फडताळावरची ताटे हलकेच वाजत राहतात. राहणाऱ्याला ते ऐकू येईनासे होते, पाहुण्याला येते.

रोममध्येही असेच होते. तिथल्या भाड्याच्या चाळी अनेक मजल्यांच्या, विटा-लाकडाच्या आणि घाईने उभ्या केलेल्या असत. इसवी सनपूर्व ४४ मध्ये सिसेरोने आपल्या मित्राला, अ‍ॅटिकसला, लिहिलेल्या एका पत्रात म्हटले आहे की त्याच्या मालकीची दोन दुकाने पडली, बाकीच्यांना तडे गेलेत आणि भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा बिऱ्हाड हलवून गेलेत. रोमचा थोर वकील हे थट्टेत लिहितो, कारण तो मालक होता.

रोमन कायद्यापुढची अडचण अशी होती. नुकसानभरपाईचा मुख्य कायदा, लेक्स अक्विलिया, साधारण इसवी सनपूर्व २८७चा. दुसऱ्याचा गुलाम किंवा जनावर मारले, दुसऱ्याची वस्तू जाळली, मोडली, फोडली, तर तो लागू होई. त्याला करणारा हात लागे. पडणाऱ्या भिंतीला हात नसतो. मालक तर त्या वेळी गावाबाहेरच्या बागेत बसलेला असू शकतो. काही न केल्याबद्दल माणसाला कसे धरायचे, याचे उत्तर त्या जुन्या कायद्याच्या शब्दांत नव्हते.

ते प्रेटर नावाच्या न्यायाधिकाऱ्याने शोधले आणि ते अपकृत्याच्या इतिहासातल्या सर्वांत हुशार युक्त्यांपैकी एक आहे. त्याचे नाव ‘डाम्नुम इन्फेक्टुम’, म्हणजे अजून न झालेले नुकसान. शेजारचे घर कलले असेल तर शेजाऱ्याने ते पडायची वाट बघायची नाही. त्याने प्रेटरकडे जाऊन मागणी करायची की या मालकाने वचन द्यावे, घर पडून माझे नुकसान झाले तर मी भरून देईन. मालकाने वचन दिले की तो बांधला गेला; आता हयगय सिद्ध करायचे कारण उरले नाही, वचन मोडले एवढेच दाखवायचे. मालकाने नकार दिला तर प्रेटर शेजाऱ्याला त्या घरात ताबा घेऊन बसायची परवानगी देई. तरीही मालक हलला नाही तर दुसरा हुकूम निघे आणि घरच शेजाऱ्याचे होण्याच्या वाटेला लागे. पडक्या घराच्या मालकाची यापेक्षा चांगली समजूत घालता येणार नाही.

या युक्तीला एक कडक बाजू होती. वचन मागितलेच नाही आणि घर पडले तर शेजाऱ्याला सहसा काही मिळत नसे. मालक म्हणू शके, मला तो ढिगारा नको, घ्या तुम्हीच. मात्र त्याला त्यातले लाकूड-विटा न्यायच्या असतील तर सगळाच ढिगारा उचलावा लागे. चांगले तेवढे न्यायचे आणि माती शेजाऱ्याच्या अंगणात सोडायची, हे चालत नसे.

भाडेकरूला हे वचन मागता येत नसे. उल्पियन या न्यायशास्त्रज्ञाने कारण दिले आहे : मालक त्याला जाऊ देत नसेल तर त्याच्याकडे भाडेकराराचा दावा आहेच. अल्फेनुस हा दुसरा न्यायशास्त्रज्ञ तर आणखी पुढे जातो. त्याला विचारले गेले की भाडेकरू भीतीने घर सोडून गेला तर उरलेल्या मुदतीचे भाडे त्याच्याकडून घ्यायचे का? त्याचे उत्तर असे की भिण्यासारखे खरोखर कारण असेल तर भाडे लागू नाही, मग प्रत्यक्षात धोका नव्हता असे पुढे निघाले तरी. भीतीला कायद्यात वजन देणारी ही दोन ओळींची नोंद दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. भिवंडीच्या भाडेकरूची भीती वेगळी आहे, पण ती पुढे येईल.

वरून काही पडून माणूस मेला तर रोमनांनी वेगळाच हिशेब ठेवला. खिडकीतून टाकलेल्या किंवा ओतलेल्या वस्तूने नुकसान झाले तर त्या घरात राहणारा जबाबदार. कोणी टाकले हे शोधत बसायचे नाही. वस्तूचे नुकसान असेल तर दुप्पट. स्वतंत्र माणूस मेला तर ठरलेली रक्कम, पन्नास सोन्याची नाणी. रक्कम ठरवून का टाकली, याचे रोमन उत्तर असे की स्वतंत्र माणसाच्या देहाचे मोल करताच येत नाही. गुलामाचे येत होते, बाजारभाव होता. मोल करता येत नाही म्हणून एक आकडा लावायचा, ही रीत आजही संपलेली नाही. इमारत पडली की संध्याकाळपर्यंत सरकारी मदतीचा गोल आकडा जाहीर होतो. तो भरपाई नसतो, कारण त्यात कोणाची चूक मानलेली नसते. सानुग्रह हा शब्द अगदी नेमका आहे.

हे सगळे आज कळते ते मुख्यतः जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मुळे. तो ग्रंथ ५३३ साली कॉन्स्टँटिनोपलला संकलित झाला, पश्चिम युरोपात जवळजवळ विसरला गेला आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यात इर्नेरियस व त्याच्या शिष्यांनी तो पुन्हा शिकवायला घेतला. समासात टिपा, टिपांवर टिपा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. मूळ सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका ही पद्धत ज्याला मिताक्षरेमुळे माहीत आहे त्या मराठी वाचकाला बोलोन्याचा वर्ग परका वाटू नये. विज्ञानेश्वरही याच सुमाराचा, अकराव्या-बाराव्या शतकातला.

त्या वर्गातून निघालेले पाणी पुढे संहितांत साठले. नेपोलियनच्या १८०४च्या नागरी संहितेने आपल्या १३८६व्या कलमात सांगून टाकले की देखभाल न केल्याने किंवा बांधणीतल्या दोषाने इमारत पडली तर तिचा मालक जबाबदार. १९००पासून लागू झालेल्या जर्मन संहितेने इमारत पडल्यावर हयगय गृहीत धरली आणि काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार दुसऱ्या बाजूवर टाकला. शिवाय तिच्या ९०८व्या कलमात शेजाऱ्याला पडण्याआधीच उपाय मागण्याचा हक्क ठेवला. इटलीच्या १९४२च्या संहितेत ‘भीती वाटणाऱ्या नुकसानीची’ तक्रार या नावानेच एक कलम आहे. प्रेटरची युक्ती कपडे बदलून तिथे बसली आहे.

इंग्लंडात हे पाणी पोचले नाही, किंवा फार थोडे पोचले. तिथे राजाच्या दफ्तरातून निघणारी रिट ही न्यायालयाची दारे होती. आपल्या तक्रारीला बसेल असे दार नसेल तर दाद नाही. अपकृत्यांची यादी या दारांच्या नावांवरून बनली, म्हणून इंग्रजी पुस्तकात ट्रेसपास, न्यूसन्स, निग्लिजन्स अशी वेगवेगळी प्रकरणे दिसतात आणि फ्रेंच पुस्तकात एकच मोठे तत्त्व. विद्यार्थ्याला इंग्रजी यादी अस्ताव्यस्त वाटते. ती तशीच आहे. जुन्या वाड्यात एकेक खोली गरजेप्रमाणे वाढवत नेली की तो असाच दिसतो.

त्या वाड्यातली एक खोली भिवंडीकराने नीट बघावी. जॉन रायलंड्स हा मँचेस्टरचा बडा कापड-उद्योजक. त्याच्या लँकेशायरमधल्या गिरणीसाठी बांधलेला पाण्याचा साठा डिसेंबर १८६०मध्ये फुटला आणि पाणी जुन्या बुजलेल्या खाणमार्गांतून शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरले. रायलंड्सची स्वतःची हयगय नव्हती; काम त्याने ठेकेदाराला दिले होते. तरी १८६८मध्ये लॉर्ड्स सभेने त्याला जबाबदार धरले : सुटली तर घात करील अशी वस्तू ज्याने स्वतःच्या सोयीसाठी जमिनीवर आणून साठवली, त्याने ती आपल्या जोखमीवर सांभाळावी. विसाव्या शतकात दिल्लीतल्या वायुगळतीनंतर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम अपुरा ठरवला आणि डिसेंबर १९८६च्या एम. सी. मेहता निकालात धोकादायक उद्योगाची जबाबदारी अपवादांशिवाय पूर्ण मानली. कापूसगिरणीच्या तळ्यातून निघालेला नियम अशा रीतीने रसायनांपर्यंत आला. राहनाळ, पूर्णा, वळ या पट्ट्यात गोदामांच्या रांगा आहेत आणि त्यांतल्या काहींत रसायनांची पिंपे असतात. ज्याच्या घरामागे अशा गोदामाची भिंत आहे त्याने ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ हे नाव परीक्षेपुरते पाठ करू नये.

माणूस मेल्यावर मात्र इंग्रजी कायदा रोमनांपेक्षाही गोंधळला. १८०८च्या एका खटल्यात, गाडी उलटून बायको गेलेल्या नवऱ्याला सांगण्यात आले की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरून मागण्याची हानी नव्हे. पाय मोडला तर भरपाई, जीव गेला तर नाही. आगगाड्या आल्या आणि हे चालेना. १८४६मध्ये पार्लमेंटने वारसांना दाव्याचा हक्क दिला. नऊ वर्षांनी, १८५५मध्ये, त्याच धर्तीवर हिंदुस्थानासाठी प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला. तो अजून लागू आहे.

भिवंडी-कल्याणच्या मुलखात इंग्रजी अपकृत्य कायदा कोणत्या दाराने आला, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६व्या कलमात न्यायाधीशाने काय लावायचे याचा क्रम दिला होता : आधी सरकारी कायदे, मग देशरिवाज, मग प्रतिवादीचा कायदा, आणि यांतले काहीच नसेल तर न्याय, समदृष्टी आणि सदसद्विवेक. या शेवटच्या तीन शब्दांच्या पिशवीतून न्यायाधीशांनी इंग्लंडातले निकाल काढून वापरले. गंमत अशी की ही त्रिपदी अस्सल इंग्रजी नाही. डेरेट या विद्वानाने १९६३मध्ये तिचा माग रोमन आणि चर्चच्या कायद्यापर्यंत काढला. म्हणजे बोलोन्याचे पाणी लंडनला चुकवून ठाण्याच्या अदालतीत झिरपले होते, आणि तिथे कोणी ते ओळखले नाही.

दंडसंहिता १८६०मध्ये झाली, करार कायदा १८७२मध्ये. अपकृत्यांचीही संहिता करायचे ठरले होते. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६पर्यंत तिचा मसुदा तयार केला. तो कधीच मंजूर झाला नाही. त्यामुळे आजही भारतात अपकृत्याचा एकसंध कायदा नाही. आहेत ते निकाल, आणि इकडेतिकडे विखुरलेली अधिनियमांतली कलमे. यात तोटा किती आणि फायदा किती यावर प्राध्यापकांचे एकमत नाही. संहिता असती तर १९८६चा तो निकाल इतक्या सहज देता आला नसता, हे तरी मान्य करावे लागेल.

एक काळ असा होता की बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला रोमन कायद्याचा पेपर द्यावाच लागे. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन पुढे १९३५मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झालेले डॉ. आंबेडकर त्याच पिढीतले. आता तो पेपर गेला आणि युरोपाचा कायदेशीर इतिहास बहुतेक अभ्यासक्रमांत प्रस्तावनेच्या दोन परिच्छेदांवर आला आहे. तुलनात्मक कायदा असलाच तर निवडीचा विषय असतो. त्यात विद्यार्थी सहसा ‘फ्रान्समध्ये असे, आपल्याकडे तसे’ अशी दोन रकान्यांची वही करतो. त्स्वायगर्ट आणि कोट्झ या जर्मन प्राध्यापकांनी या वहीला उतारा दिला. नावांची तुलना करू नका, असे त्यांचे म्हणणे. एकच अडचण घ्या आणि कोणता समाज ती कोणत्या हत्याराने सोडवतो ते बघा. कललेले घर ही अशी अडचण आहे.

आपल्याकडे या अडचणीवरचा मोठा निकाल दिल्लीचा आहे. चांदनी चौकात टाउन हॉलसमोरचा घंटाघराचा मनोरा १९५१मध्ये कोसळला आणि रस्त्यावरची माणसे मेली. तो ऐंशी वर्षांचा होता. ज्या चुन्यात तो बांधला त्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, असे तज्ज्ञाने सांगितले. पडल्यावर पाहिले तर चुन्याची भुकटी झालेली, विटेला धरून ठेवण्याची ताकदच उरलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९६६मध्ये नगरपालिकेला जबाबदार धरले. वस्तुस्थितीच बोलते, असे एक जुने लॅटिन वचन तिथे लावले गेले : बुरूज आपोआप पडत नाहीत, मालकाने खुलासा करावा. विधवांना आणि मुलांना हक्क मिळाला तो १८५५च्या त्याच कायद्याखाली. मधे पंधरा वर्षे गेली.

पडण्याआधीचे काम मात्र आपण शेजाऱ्याकडे ठेवले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने धोकादायक इमारतींचा कारभार नगरसंस्थांकडे सोपवला. तीच घडी मुंबईच्या १८८८च्या आणि इलाख्यातल्या इतर शहरांसाठीच्या १९४९च्या महानगरपालिका अधिनियमात उतरली. कलम २६४ आयुक्ताला पडाऊ इमारत दुरुस्त करायला, पाडायला, रिकामी करायला सांगण्याचा अधिकार देते. कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीला संरचना-अभियंत्याचा स्थिरतेचा दाखला लागतो. भिवंडी-निजामपूर महापालिकेला हेच लागू आहे. जिलानी इमारत पडली तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

दरवर्षी मे महिन्यात यादी निघते : धोकादायक, अतिधोकादायक. भिंतीवर नोटीस डकवली जाते. जिन्यातल्या तड्यावर प्लॅस्टरची पट्टी मारून तारीख टाकलेली असते. पट्टी चिरली तर तडा चालू आहे असे समजायचे. पट्टी चिरते. खाली लोखंडी टेकू येतात. आणि घराघरांतून एकच वाक्य निघते : एवढा पावसाळा जाऊ दे.

हे वाक्य मूर्खपणाचे नाही. अल्फेनुसच्या भाडेकरूला पुढचे भाडे भरावे लागेल का, एवढीच चिंता होती. पगडीच्या किंवा कच्च्या कागदावरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला छत पडण्याइतकीच भीती असते ती बाहेर पडलो की ताबा गेला याची. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितले आहे. जिन्यातल्या नोटिशीवर ते लिहिलेले नसते. तिथे एवढेच असते की खोली तात्काळ रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण जबाबदार राहाल. प्रेटरने मालकाकडून वचन घेतले. आपली नोटीस राहणाऱ्यावर जबाबदारी ढकलते. दोन हत्यारांतला फरक इथे आहे, आणि तो आपल्या बाजूने नाही.

जिलानी इमारतीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन याचिका दाखल करून घेतली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने मुंबई परिसरातल्या इतर महापालिकांनाही त्यात बोलावले आणि २६ फेब्रुवारी २०२२ रोजी निकाल दिला. सुरक्षित निवारा हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरून तो लिहिलेला आहे. अपकृत्य इथे दिवाणी दाव्यातून उठून मूलभूत हक्कांच्या ओसरीवर आले. ती वाट १९८३च्या रुदुल साह निकालापासून रुळली होती. वळची इमारत या निकालानंतर चौदा महिन्यांनी पडली.

जुनी हत्यारे मोडीत निघालेली नाहीत. भीती वाटते म्हणून आधीच मागायच्या मनाईहुकमाला इंग्रजी कायदा ‘क्विया टिमेट’ म्हणतो, म्हणजे ‘कारण तो भितो’. प्रेटरचा हा दूरचा भाचा स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३च्या ३८व्या आणि ३९व्या कलमांत राहतो, आणि ज्याच्या भिंतीला शेजारची इमारत टेकली आहे अशा भिवंडीकराला त्याच्या नावाने दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. तो ढिगाऱ्याआधी लावावा लागतो.